भाईजी, त्या दोन भाकरींबद्दल

भाईजी,

आज सकाळी सात वाजता बोळात सतरा अंश तापमान होतं. हवेतला ओलावा ब्याऐंशी टक्के. मशरूमच्या सहा पिशव्यांपैकी चार पिशव्यांना फूल आलंय. हे सगळं मी नेहमीसारखं मोठ्यानं म्हटलं आणि वहीत लिहायला वाकलो. मग लक्षात आलं की भिंतीपलीकडून "आज कितलं भरनं, साहेब?" असं विचारणारं कुणी नाही. तरी मी वजन केलं. सहाशे दहा ग्रॅम. तुम्हाला सांगायचं राहिलं म्हणून इथं लिहिलं.

तुम्हाला जाऊन अठरा दिवस झाले. उठावण्याच्या शोकसभेला तुमच्याबद्दल पुष्कळ लोक बोलले. पारोळ्यातलं तुमचं धान्याचं दुकान, दुष्काळातलं तुमचं वागणं, तुमचा धर्म. ते सगळं खरंच आहे. मी शेवटच्या रांगेत बसलो होतो आणि बोललो नाही. कारण मला जे बोलायचं होतं ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. ते तुमच्याशीच बोलायला हवं होतं, आणि तुम्ही असताना मी बोललो नाही. हा कागद त्यासाठी आहे. भाभीजींना विचारून लिहितो आहे.

आधी बोळाबद्दल. माझ्या घराची मागची भिंत आणि तुमच्या कंपाउंडची भिंत यांत तीन फूट नऊ इंचांचं अंतर आहे. तुमची भिंत सात फूट उंच. त्यामुळं जळगावच्या या उन्हात माझ्या प्लॉटवर थंड राहील अशी तेवढी एकच जागा. दुपारी पंचवीस मिनिटं ऊन येतं, मग पुन्हा सावली. सुनंदाची बदली धुळ्याला झाली, ती सरकारी दवाखान्यात परिचारिका, शनिवारी येते आणि सोमवारी पहाटेच्या बसनं जाते. मुलगी पुण्यात. आठवड्याचे पाच दिवस मी, ऑफिसातल्या पाणीपातळीच्या नोंदी, आणि रिकामं घर. काहीतरी उगवावं असं वाटलं. बागेत उन्हानं काही टिकेना. म्हणून बोळात मशरूम. धिंगरी नावाचे, शिंपल्यासारखे दिसणारे.

म्हणजे माझं हे पीक पहिल्या दिवसापासून तुमच्या भिंतीच्या सावलीत उगवलं. आणि तुमच्या लेखी ते अन्नच नव्हतं. कांदा-लसूण तुम्ही खात नव्हता, बटाटा नाही, आणि हे तर त्याहून वाईट. बुरशी. तुम्ही त्याचं नावसुद्धा घेत नव्हता. चार वर्षं तुम्ही त्याला "तुमचं ते" म्हणालात.

पहिली खेप मी कशी घालवली ते तुम्ही पाहिलंत. मी पुस्तकी माणूस. गव्हाचा भुसा रात्रभर भिजवला, पिंपात ऐंशी अंशांच्या पाण्यात तासभर ठेवला, थर्मामीटर धरून बसलो होतो. मग निथळला, थर देऊन बियाणं पेरलं, पिशव्या बांधल्या. बाराव्या दिवशी आठपैकी सहा पिशव्यांत हिरवी बुरशी. मी वहीत सगळे आकडे पुन्हा तपासत होतो, तेवढ्यात तुम्ही भिंतीवरून डोकावलात. तुमच्याकडं स्टूल होतं ना, खास त्यासाठी ठेवलेलं.

"हाई काय शे? आंबूस वास येतोय."

"भुसा आहे, भाईजी. सत्तर टक्के ओलावा ठेवला होता. वजन करून."

"वजन करून ओलावा?" तुम्ही खूप हसलात. "इकडं आणा एक मूठ."

मी मूठभर भुसा वर धरला. तुम्ही तो दाबलात. चार थेंब पडले.

"साहेब, पन्नास वर्षं तूर नि गहू हाताळला मी. हात ओला झाला पाहिजे, थेंब पडला नाही पाहिजे. थेंब पडला की माल गेला. तुम्हले बठ्ठं मोजनं पडस, सगळं मोजायचं, म्हणून असं होतं."

मी म्हटलं, "तुम्ही माझ्या मशरूमला मदत करताय, कळतंय ना?"

"मी भुशाबद्दल बोललो," तुम्ही म्हणालात. "भुसा गाय पण खाते." आणि स्टुलावरून उतरलात.

दुसऱ्या खेपेला मी तुमच्या मुठीच्या हिशेबानं भुसा निथळला. आठच्या आठ पिशव्या पांढऱ्याशुभ्र झाल्या. नंतर मी त्या भुशाचं वजन करून पाहिलं. ओलावा त्रेसष्ट टक्के निघाला. तुम्हाला सांगितलं तर म्हणालात, "तुमचा काटा बरोबर आहे म्हणायचा." पोती ओली करून टांगायची असतात हे कळल्यावर पारोळ्याहून दुकानातलं जुनं बारदान तुम्हीच मागवून दिलंत, तीस पोती. त्यावरही तुमचं तेच. बारदान म्हणजे बारदान, त्याला पाप लागत नाही.

आपला खरा वाद उकळण्याचा होता. तो आपण किती वेळा घातला असेल! वहीत त्याची नोंद नाही. तुमचं म्हणणं, तुम्ही खाता ते नंतर, आधी त्या भुशातले असंख्य जीव गरम पाण्यात मारता, त्याचं काय? मी म्हणायचो, तुम्ही रोज पाणी उकळून पिता, त्यातल्या जीवांचं काय? तुम्ही म्हणायचात, आम्ही उकळतो ते दर क्षणाला वाढू नयेत म्हणून. मी म्हणायचो, मग मीही तेच करतोय, हिरवी बुरशी वाढू नये म्हणून. त्यावर तुम्ही एकदा खरंच चिडलात. "साहेब, तुम्ही शब्दाला शब्द लावता. पोटासाठी मारणं आणि पोटासाठी कमी मारणं, यात फरक आहे की नाही?" मी म्हटलं, फरक आहे, पण किती? "कितलं ते तुम्ही मोजा," असं म्हणून तुम्ही आत गेलात. दुसऱ्या दिवशी स्टुलावर हजर. याचं एक उत्तर मी विचार करून ठेवलं होतं, पण ते तुम्ही एका वाक्यात मोडलं असतं, आणि आता मोडायला कुणी नाही म्हणून मला ते बरोबर वाटायला लागलंय. ते काही चांगलं नाही.

आणि ते चार दिवस. दोन वर्षांपूर्वी सुनंदा धुळ्यात तापानं पडली आणि मला जावं लागलं. पिशव्यांवर नुकत्याच टाचणीच्या डोक्याएवढ्या कळ्या आल्या होत्या. अशा वेळी दिवसातून तीनदा पाण्याचा फवारा हवा, नाहीतर सगळं वाळून जातं. मी तुम्हाला विचारलं नव्हतं. विचारण्यासारखं नव्हतंच. पिशव्यांवर पाणी सोडून निघालो. पाचव्या दिवशी परत आलो तर बोळात घोसच्या घोस. तळहाताएवढी फुलं. वजन केलं, दोन पिशव्यांचं मिळून एक किलो तीनशे चाळीस. एवढं माझ्या हातून त्याआधी कधी आलं नव्हतं, नंतरही आलं नाही. भिंतीच्या कडेवर फवारणीचा पंप ठेवलेला होता.

"भाईजी, पाणी तुम्ही दिलंत?"

"बारदानाला दिलं. वाळत होतं."

"चार दिवस?"

"पाणी देणं पाप नाही, साहेब. तोडणं तुमचं." मग विचारलंत, "आता बाईंचा ताप कसा आहे?"

त्या वेळी तुमचे आभार मानायचे राहिले. मी फक्त वजन सांगितलं. तुम्हाला ते पुरलं असं मला वाटलं होतं.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

गेल्या श्रावणात भाभीजी जामनेरला त्यांच्या बहिणीकडं आठ दिवस गेल्या होत्या. तुम्ही घरी एकटे, खिचडीवर. मी बुधवारी म्हटलं, संध्याकाळी माझ्याकडं जेवा. अकरा वर्षांच्या शेजारात तुम्ही माझ्या घरी पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. मला वाटलं तुम्ही हसून टाळाल. तुम्ही म्हणालात, "येतो. सूर्य मावळायच्या आत. दुसऱ्या कुणाकडं गेलो नसतो. तुम्ही मोजून करणारे माणूस, तुमच्याकडं चूक व्हायची नाही."

मी सगळं केलं, भाईजी. तुमच्यासाठी नवा तवा आणला. परात तीनदा धुतली. चातुर्मासात तुम्ही हिरवी भाजी सोडलेली, म्हणून शेंगदाण्याची चटणी केली, लसूण न घालता, नव्या खलबत्त्यात. पाणी उकळून, गाळून, झाकून ठेवलं. आणि ज्वारी-उडदाच्या पिठाच्या, आपल्या कळण्याच्या भाकरी थापल्या. चार. दोन तुम्हाला, दोन मला. सहा वाजून दहा मिनिटांनी तुम्ही पाटावर बसलात. भाकरीवर तेल घेतलंत. पहिला घास घेऊन म्हणालात, "पिठाला वास छान शे. उडीद कुठला? का गिरणी बदलली?"

मी म्हटलं, गिरणी तीच.

कळण्याचे माझ्याकडं दोन डबे होते. सारखेच, स्टीलचे, तीन-तीन किलोचे. माझ्या तब्येतीसाठी सुनंदानं उन्हाळ्यात वाळवलेल्या मशरूमची पूड करून एका डब्यात मिसळली होती, किलोला पन्नास ग्रॅम. दुसरा डबा साधा. मी दोन्हींवर चिठ्ठ्या लावल्या होत्या. नाव, तारीख, वजन. चिठ्ठ्या झाकणांवर लावल्या होत्या. रविवारी मी झाकणं घासली, वाळवली आणि परत बसवली. दोन्ही झाकणं दोन्ही डब्यांना बसतात.

शनिवारी सुनंदानं भाकरीचं पीठ मळायला डबा उघडला आणि वास घेऊन म्हणाली, "अहो, हे मशरूमचं पीठ आहे. झाकण साध्याचं आहे यावर." मी दोन्ही डब्यांचं वजन केलं. मशरूमच्या डब्यात तीनशे वीस ग्रॅम कमी. साध्यात काही कमी नाही. एका भाकरीला मी ऐंशी ग्रॅम पीठ घेतो. तुमच्या दोन भाकरींत एकशे साठ. त्यात मशरूम आठ ग्रॅम.

एवढं वय तुम्ही जे पाळलं ते माझ्या पाटावर, माझ्या हातून मोडलं. आणि तुम्ही वासाची तारीफ केली होती.

सुनंदा म्हणाली, "आत्ताच्या आत्ता जाऊन सांगा."

मी म्हटलं, "चातुर्मास आहे. त्यांना फार लागेल. पर्युषण झालं की सांगतो."

हे कारण खोटं नव्हतं, पण पूर्णही नव्हतं. तुम्हाला लागेल याची भीती होती. त्याहून मोठी भीती ही, की तुम्ही मला मोजून करणारा माणूस म्हणाला होतात, आणि ते जाईल. ऑफिसात मला तसं कुणी म्हणत नाही. तिथं आकडे भरणारा म्हणतात. भिंतीवरून मला चांगलं म्हणणारे तुम्ही एकटे होता.

मग मी जे केलं ते मूळच्या चुकीहून वाईट. मला तुमच्या तोंडाकडं बघवेना. सकाळचं तुमचं सामायिक, ती ध्यानाची बैठक, अठ्ठेचाळीस मिनिटांची. तेवढा वेळ तुम्ही बसलेले असता हे मला माहीत होतं. मी सातऐवजी त्या वेळात पाणी मारायला लागलो आणि तुम्ही उठायच्या आत दार लावून घ्यायचो. संध्याकाळी बोळात जायचंच नाही. तुम्ही हाक मारली तर आतून "फोनवर आहे" म्हणायचो. दर शनिवारी सुनंदा विचारायची, "सांगितलं का?" मी म्हणायचो, पुढच्या आठवड्यात.

पर्युषणाच्या शेवटच्या दिवशी, संवत्सरीला, दरवर्षी तुम्ही स्टुलावर चढून हात जोडायचात. "साहेब, वर्षभरात जाणता-अजाणता मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्." मी म्हणायचो, "मन नाही दुखावलं, पण तुमचा कूलर माझ्या बोळात गळतो, त्याचं काय?" तुम्ही म्हणायचात, "तो गळतो म्हणून तुमचं ते उगवतं." झालं. हसणं. दरवर्षी हेच.

या वर्षी तुम्ही भिंतीवर आला नाहीत. पुढच्या दारानं आलात. पांढरे कपडे, आठ दिवसांच्या उपवासानं उतरलेला चेहरा. हात जोडलेत, ते वाक्य म्हणालात, आणि पुढं म्हणालात, "साहेब, खरंच काही चुकलं असेल तर आज सांगून टाका."

मी दारात उभा होतो. आत ओट्यावर ते दोन्ही डबे होते. आता चिठ्ठ्या डब्यांवर लावलेल्या. मी म्हटलं, "कूलर गळतो, भाईजी, त्याचं काय ते बघा."

तुम्ही हसलात, पण थोडंच. चप्पल घालताना दाराच्या चौकटीला हात टेकलात. पायऱ्या उतरताना एकदा मागं पाहिलंत.

मला वाटलं, उपवासानं थकले आहेत.

त्यानंतर दिवाळी झाली. एका रविवारी सकाळी भाभीजींची हाक आली आणि मी भिंतीवरून नाही, पहिल्यांदाच धावत दारातून तुमच्या घरात शिरलो. तुम्ही खुर्चीत होतात. मी मनगट धरून मोजायला लागलो. मोजण्यासारखं काही नव्हतं.

परवा भाभीजींकडं गेलो. सुरतेहून आलेला मुलगा बाहेर गेला होता. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. बुधवार, दोन डबे, झाकणं, आठ ग्रॅम. त्या ऐकत राहिल्या. रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. विचारलं ते एवढंच.

"तुम्हाला कळलं कधी?"

"तीन दिवसांनी. ते जाण्याआधी पंच्याऐंशी दिवस."

"पंच्याऐंशी दिवस तुम्ही बोळात येत होते, साहेब."

"त्यांना वाईट वाटलं असतं, भाभीजी."

"वाटलं असतं ना. महाराजांना विचारून एक उपवास केला असता. फार तर दोन. तिसऱ्या दिवशी त्या स्टुलावर चढून तुमची चेष्टा केली असती, की झाकणावर चिठ्ठी कोण लावतो म्हणून. त्यांना हसायला वर्षभर पुरलं असतं." मग त्यांनी पदर सारखा केला. "तुम्ही बोलणं कमी केलं ते त्यांना कळलं होतं. मला रोज विचारायचे. साहेब माझ्यावर नाराज आहेत, माझ्याकडून काय झालं? म्हणायचे, मी त्यांच्याकडं जेवून आलो त्यानंतरच हे झालं. तिथं मी काही चुकीचं बोललो का? पिठाबद्दल काहीतरी बोललो होतो, ते लागलं का त्यांना?"

मी खाली बसलो.

"संवत्सरीला मुद्दाम दारातून गेले," भाभीजी म्हणाल्या. "भिंतीवरून माफी मागितली तर साहेब थट्टेवारी नेतात म्हणाले. परत आले आणि म्हणाले, साहेबांनी सांगितलं नाही. काहीतरी मोठं असेल."

मी विचारलं, आता मी काय करू? उपवास करू का? मला माहीत नाही तुमच्यात काय करतात.

"तुमचा उपवास तुम्हाला. त्यांना पोचत नाही तो. आमच्यात एकाचं दुसऱ्याच्या खात्यात जात नाही, साहेब." त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता. मला नियम समजावून सांगत होत्या, तुम्ही सांगायचात तसा. मग त्या उठल्या आणि चहा ठेवायला गेल्या. दुःखाच्या घरी चहा नको म्हणून मी उठलो, तर आतून म्हणाल्या, "बसा. तुम्ही बसत नव्हते म्हणून तर एवढं झालं."

मी बसलो. तुमच्या खुर्चीसमोरच्या खुर्चीत, सव्वा तास.

भाईजी, मी रोज आकडे लिहितो. कुठल्या धरणात किती पाणी, कुठल्या पिशवीत किती ग्रॅम. त्या पंच्याऐंशी दिवसांत भिंतीपलीकडं एक माणूस रोज आपली चूक शोधत होता, जी त्यानं केलीच नव्हती, आणि त्याची नोंद माझ्याकडं नाही. हे मला सांगायला दोन मिनिटं लागली असती. तुम्ही दारात हात जोडून उभे होतात तेव्हा तर एकच मिनिट.

तेव्हा नीट सांगतो, थट्टा न करता. त्या बुधवारी तुम्ही काही चुकीचं बोलला नाहीत. पिठाबद्दल तुम्ही जे म्हणालात ते मला आवडलं होतं. तुम्ही माझ्या घरी जेवलात याचा मला इतका आनंद झाला होता की मी त्या दिवशी वहीत तापमान लिहायचं विसरलो. जे झालं ते माझ्या हातून झालं, आणि लपवलं तेही मीच.

तुमचं काही चुकलं नव्हतं, भाईजी.